सही खाली उतरून करायची

मी बांधकामाच्या रीतीची फाईल बोलतेय. निळ्या जाड पुठ्ठ्याची, चार कड्यांची, दोनशे बारा पानांची. खांब उभा करण्याआधी काय बघायचं, स्लॅब ओतण्याआधी कुणी कुठे सही करायची, काम थांबवायचा अधिकार कुणाला, सगळं माझ्यात ओळीने लिहिलेलं आहे. साइटवरची माणसं मला 'सासूबाई' म्हणतात. "आल्या बघा सासूबाई," म्हणून एकमेकांना कोपरखळ्या मारतात. मारू देत! ज्या घरात कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही, त्या घरात एक तरी फटकळ बाई लागतेच.

मी कंटाळवाणी आहे, हे मला कुणी सांगायला नको. पान एक्केचाळीस वाचता वाचता एक इंजिनियर माझ्यावरच डोकं ठेवून घोरला होता. त्याची लाळ अजून त्या पानावर आहे. पण मी काही कुणाचं मन रमवायला जन्माला आले नाही, आणि त्याबद्दल मी कुणाची माफीही मागणार नाही.

माझा जन्म मध्य जावातल्या एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत झाला. जन्म दिला प्राप्तोकाकांनी. हे कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनियर. टंकलेखन येत नव्हतं, दोन बोटांनी टकटक करायचे. एक पान लिहायला तीन दिवस. शेजारच्या टेबलावरची पोरं म्हणायची, "काका, महाकाव्य कुठवर आलं?" काका नुसते हसायचे आणि लवंगेच्या सिगारेटची राख माझ्यावर सांडायचे.

काका असं लिहीत का बसले, हे त्यांनी एकदाच, माझ्यादेखत सांगितलं, तेही निवृत्तीच्या आदल्या दिवशी. तरुणपणी एका इमारतीचा सज्जा त्यांना कच्चा वाटला होता. साहेबांनी विचारलं, "ठीक आहे ना?" काका म्हणाले, "हो." सज्जा पडला. खाली गिलावा करणाऱ्या माणसाचा पाय गेला. काकांवर कुणी बोट ठेवलं नाही, कारण 'हो' तर सगळेच म्हणाले होते.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. आमच्या जावात मोठ्या माणसाला 'नाही' म्हणत नाहीत. वाईट दिसतं. समोरच्याचा मान जातो, आपली लाज जाते. म्हणून सगळे 'हो' म्हणतात. 'हो' म्हणजे 'पटलं' नव्हे, 'करतो' नव्हे. 'हो' म्हणजे 'तुमचं बोलणं कानावर आलं,' इतकंच. भीड भिकेची बहीण म्हणतात ना, तसलं आमचं! भिडेपायी इथे माणसं भिकेला नाही, थेट ढिगाऱ्याखाली जातात. काकांनी मला लिहिलं ते एवढ्यासाठी की ज्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही, त्याने माझ्याकडे बोट दाखवावं आणि म्हणावं, "मी नाही हो म्हणत, फाईल म्हणते."

माझ्यातलं सतरावं कलम काकांचं लाडकं. स्लॅबखालच्या टेकूंच्या तपासणीचं. त्यात लिहिलंय की सही करणाऱ्या प्रत्येकाने स्लॅबखाली उतरून, टेकूंना हात लावून, तिथेच उभं राहून सही करावी. टेबलावर, मोटारीत, कॉफी पिताना सही करणं शक्यतो टाळावं. काकांनी ही ओळ अकरा वेळा लिहिली आणि खोडली. शेवटी सुरुवातीला 'कृपया' घातलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

काका निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. साइटवर मी दाराला अडसर म्हणून लागले. मग जेवणाच्या वेळी माझ्यावर तळलेल्या केळ्यांचा कागद पसरायला लागले. माझ्या पाठीवर कॉफीच्या ग्लासांची इतकी वर्तुळं आहेत की मोजायची सोय नाही. पाहुणे येणार असले की मात्र मला फडक्याने पुसून काचेच्या कपाटात उभी करायचे. घरच्या म्हातारीला सणापुरतं नवं लुगडं नेसवतात, तशी माझी गत.

त्याहून वाईट केलं ते जार्वोने. हा साइटचा कारकून. स्वभावाने गोड, कुणाला म्हणून दुखवणार नाही, आणि तेच त्याचं दुखणं. रोज मोठ्या माणसांपुढे कागद घेऊन उभं राहायचं, म्हणजे त्यांना त्रास द्यायचा, हे त्याला पटेना. म्हणून त्याने युक्ती काढली. सोमवारी सकाळी माझ्यातले आठवडाभराचे कोरे तक्ते काढायचे आणि एकदाच सगळ्यांच्या सह्या घेऊन टाकायच्या. तपासणी व्हायची असो, नसो. सह्या झालेल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच! आणि गंमत म्हणजे सगळे त्याला म्हणायचे, "जार्वो, तू होतास म्हणून बाबा आमचं सोपं झालं." मी आपली जळत बसायचे.

मग बाजाराचं काम आलं. क्लाटेनजवळच्या एका गावात जुना बाजार पाडून दुमजली नवा बांधायचा होता. खाली भाजी, मासळी, वर कापडवाल्या बायका. बाजार समितीचे अध्यक्ष होते विग्न्यो गुरुजी. वय ऐंशीच्या आसपास, पांढरा सदरा, हातात वेताची काठी, खिशाला लाल पेन. शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी लाल पेन सुटलं नव्हतं. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेलं. आमचे प्रकल्पप्रमुख गुनार्तो साहेब त्यांचेच विद्यार्थी. साहेब पन्नाशीचे, दोन पोरांची लग्नं झालेली, पण गुरुजी आले की हात पुढे बांधून उभे राहायचे.

आणि आली किनासी. कामाची गुणवत्ता तपासणारी. सहा महिन्यांच्या करारावर घेतलेली, करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे गुनार्तो साहेबांच्या हातात. आल्या दिवशी तिने माझ्यावरचा केळ्यांचा कागद उचलला, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसली. जार्वो म्हणाला, "ताई, ती शोभेची आहे." ती म्हणाली, "हो," आणि पान उलटलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा आपला 'हो' आवडला.

वरच्या मजल्याचा स्लॅब कधी ओतायचा, ते गुरुजींनी पंचांग बघून ठरवलं. बुधवार पोन, सकाळी नऊ. आमच्याकडे सात वारांच्या जोडीने पोनसारखे बाजाराचे पाच वारही चालतात, त्यामुळे तोच जोडवार परत यायला पस्तीस दिवस लागतात. बुधवार चुकला की सव्वा महिना गेला. आणि आदल्या वर्षी गुरुजींच्या पत्नी गेल्या होत्या, त्यांचा जन्म बुधवार पोनचा. ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी किनासी मला काखेत मारून स्लॅबखाली उतरली. बांबूच्या टेकूंचं जंगल नुसतं. एकेकाला हात लावत ती ईशान्येच्या कोपऱ्यात गेली. तिथले सहा टेकू तिने हलवून पाहिले. त्यांच्या खालच्या फळ्या मातीत दोन बोटं बसल्या होत्या. अजून वर काँक्रीटचं एक घमेलंही पडलं नव्हतं. नुसत्या सळ्यांच्या वजनाने ही तऱ्हा.

ती मुकादमाकडे गेली. तुकिजान काका, गावातलेच, साठीचे. "काका, त्या कोपऱ्यातली जमीन बसतेय."

"हो, ताई."

"बघाल ना?"

"हो, हो."

मंगळवारी तिथे सहा नव्या पाचरा ठोकलेल्या होत्या. फळ्या तीन बोटं खाली. ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "हो, बघू या." मग थोडं थांबून म्हणाले, "ताई, तुमचा करार या महिन्यात संपतोय ना? मी आठवणीने वर बोलतो हं." धमकी म्हणून नाही म्हणाले. आमच्याकडे धमकीसुद्धा चहा पाजून देतात.

ती परत आली आणि मला मांडीवर घेऊन बसली. हाताला घाम सुटलेला. माझ्या पुठ्ठ्याला तो लागला, म्हणून मला कळलं. बुधवारी त्या स्लॅबवर चाळीस माणसं चढणार होती. बोलली तर तिची नोकरी जाणार, न बोलली तर त्यांचा जीव. आणि तिच्या तोंडून तर दुकानदाराला 'सुटे नाहीत' हेसुद्धा धड निघत नव्हतं.

बुधवार उजाडला. पिवळ्या भाताचा कमरेएवढा डोंगर रचलेला, भोवती कोंबडी, उकडलेली अंडी, तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या. दोन मिक्सर घरघरत होते. चाळीस माणसं घमेली घेऊन रांगेत. गुरुजी नवा सदरा घालून आले. प्रार्थना झाली. नऊला वीस मिनिटं होती. जार्वो सतराव्या कलमाचा तक्ता घेऊन किनासीपुढे आला. तुकिजान, गुनार्तो, विग्न्यो गुरुजी, तिघांच्या सह्या सोमवारच्याच. फक्त तिचा रकाना मोकळा होता.

"ताई, तेवढी सही," जार्वो म्हणाला.

"करा की ताई," साहेब हसून म्हणाले, "भात निवतोय."

आता सगळे तिच्याकडे बघायला लागले. माझा जीव कड्यांत अडकला. बाई, बोल की! मांजराच्या गळ्यात घंटा कुणी ना कुणी बांधायलाच हवी! तिने तोंड उघडलं, मिटलं. मग मला उघडलं. सतराव्या कलमावर बोट ठेवलं आणि गुरुजींपुढे वाकून म्हणाली, "गुरुजी, माफ करा. ह्यात लिहिलंय की सही खाली उतरून करायची. सगळ्यांनी. तुम्ही याल का माझ्याबरोबर?"

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो ताई, गुरुजींचं वय काय, तिथे वाकून जावं लागतं—"

"काय लिहिलंय, वाच," गुरुजी म्हणाले.

तिने वाचलं. 'कृपया'सकट.

"कुणी लिहिलंय?"

"प्राप्तो म्हणून होते, गुरुजी. आता नाहीत."

"मग सूट मागायची तरी कुणाकडे? चला."

पुढे किनासी, मागे काठी टेकत गुरुजी, त्यांच्यामागे साहेब, शेवटी तुकिजान. मी किनासीच्या छातीशी. गुरुजी प्रत्येक टेकूला हात लावत, जणू वर्गात हजेरी घेत चालले. ईशान्येच्या कोपऱ्यात पोचल्यावर त्यांनी सवयीने काठी टेकली. काठी गेली खाली. वीतभर गेली. गुरुजींचा तोल गेला, किनासीने दंडाला धरलं.

आळीमिळी गुपचिळी.

गुरुजींनी काठी उपसली आणि मुकादमाकडे वळले. "तुकिजान, काय आहे इथे?"

"जुनी विहीर, गुरुजी."

"ती तर बुजवली होती."

"हो, गुरुजी."

"हो काय हो! बुजवली होती की नव्हती?"

तुकिजान काका जमिनीकडे बघत राहिले. मग पुटपुटले, "माती कमी पडली होती तेव्हा. माझ्या बापाने तोंडावर माडाची खोडं टाकून वर माती पसरली. मी होतो हाताखाली. खाली पोकळ आहे, गुरुजी."

"आणि हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस रे, गाढवा?"

"तुम्हीच सभेत म्हणाला होतात, विहीर पक्की बुजवलीय म्हणून. दोनशे माणसांपुढे म्हणालात. तुमचं वाक्य मी कसं खोडू?"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग किनासीने माझं पुढचं पान उघडलं. स्लॅबवर कुणी कुठे उभं राहायचं, त्याची यादी. ती मुकादमाने भरलेली होती. ईशान्येच्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं. तुकिजान काकांनी तिथे स्वतःचं लिहिलं होतं. यादी गुरुजींना दिसू नये म्हणून त्यांनी हातही आडवा केला, पण गुरुजींनी वाचलं.

म्हणजे बघा! हा माणूस त्या खड्ड्यात जायला तयार होता, पण गुरुजी चुकले असं म्हणायला तयार नव्हता. मी फाईल आहे, मला रडता येत नाही, पण त्या क्षणी मला इतका राग आला की माझ्या कड्या उघडून दोनशे बारा पानं त्या सगळ्यांच्या तोंडावर फेकावीत असं वाटलं. असली कसली नम्रता? कुणाच्या कामाची? वर आणखी एकोणचाळीस माणसं असणार होती की, ती काय त्या एका कोपऱ्याबरोबर आली नसती?

गुरुजींनी यादी बाजूला सारली. मग म्हणाले, "तक्ता दे, पोरी." खिशातलं लाल पेन काढलं. आधी स्वतःच्या सहीखाली लिहिलं, नापास. मग गुनार्तोच्या सहीखाली, नापास. मग तुकिजानच्या. अक्षर शाळेतल्यासारखंच होतं. "गुनार्तो," ते म्हणाले, "तुला मी गणितात नेहमी म्हणायचो. उत्तर आधी लिहून ठेवू नकोस, रीत दाखव. हो ना?"

"हो, गुरुजी," साहेब म्हणाले. कान लाल झाले होते.

मिक्सर बंद झाले. बुधवार गेला. भात तेवढा सगळ्यांनी बसून खाल्ला, कारण अन्न टाकायचं नसतं. दुसऱ्या दिवशी तो कोपरा उकरला. माडाची खोडं हाताने चुरा होत होती, आणि खाली चार पुरुष खोल पोकळी, तळाला पाणी. पस्तीस दिवसांनी विहीर भरून, नवे टेकू लावून स्लॅब ओतला. त्या वेळी सगळे खाली उतरले. सगळे, म्हणजे जार्वोसुद्धा, त्याची सही लागत नसताना.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सुधारले सगळे. कसले सुधारतात! दोन महिन्यांत माझ्यावर परत केळ्याचा कागद आला. सोमवारच्या सह्या परत सुरू झाल्या, फक्त थोड्या लपून. किनासीचा करार तीनच महिन्यांनी वाढला. साहेब तिच्याशी गोड बोलत, पण नजर चुकवत. ज्याने आपल्याला पडताना पाहिलं, त्याला समोर ठेवणं कुणालाच आवडत नाही.

आणि आज सकाळची गोष्ट. पुढच्या आठवड्यात मुख्य कचेरीतून माणसं येणार आहेत, आमच्या साइटला उत्तम कार्यपद्धतीचं प्रशस्तिपत्र द्यायला. ते मला उघडून बघणार. म्हणून साहेबांनी किनासीला बोलावलं. टेबलावर मी, माझ्या शेजारी सतराव्या कलमाचा एक नवा कोरा करकरीत तक्ता. त्याच बुधवारची तारीख घातलेली. साहेबांची आणि तुकिजानची सही झालेली.

"ताई, एकच पान बदलायचंय," साहेब म्हणाले. "त्या लाल अक्षरांनी फार वाईट दिसतं. गुरुजींचीही अब्रू आहे ना त्यात? जार्वो त्यांची सही घेऊन येईल. तुम्ही तुमची करा. आणि हो, तुमच्या कराराचे कागदही आलेत. आता कायम करतोय तुम्हाला."

कराराचे कागद त्यांनी तक्त्याच्या बाजूला ठेवले. दोन्हींवर एकच पेन.

किनासीने मला जवळ ओढलं. मी म्हटलं, चला, आता आपली पाळी. पान नऊ उघड बाई! 'झालेली नोंद बदलू नये.' ठेव बोट, म्हण की फाईल म्हणते. तिने पुठ्ठ्यावर हात ठेवला. पण मला उघडलं नाही. त्या पेनाकडे बघत राहिली. मग मान वर करून थेट साहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली,

"नाही, साहेब."

साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"नाही म्हणाले."

खोलीत जार्वो होता, दारात तुकिजान काका होते. साहेबांनी कराराचे कागद उचलले, खणात ठेवले, खण लावला. किनासीने मला परत काचेच्या कपाटात नेऊन ठेवलं. लाल अक्षरांचं पान माझ्या आतच होतं. मग ती हेल्मेट घालून कामावर निघून गेली.

तर मी सध्या कपाटात आहे. तिची नोकरी राहते की जाते, मला माहीत नाही. माझंही काही खरं नाही. उद्या ते पान फाडतील, परवा मला रद्दीत घालतील, माझ्या जागी मोबाइलमधली यादी येईल आणि लोक एका बोटाने दोनशे बारा खुणा करून मोकळे होतील. करा! तुमचं तुम्हाला लखलाभ. पण एक गोष्ट ऐकून ठेवा. माझ्या सगळ्या पानांत 'कृपया खात्री करावी' आहे, 'शक्यतो टाळावे' आहे, 'विनंती आहे की' तर पानोपानी आहे. पण 'नाही' हा शब्द एकदाही नाही. प्राप्तोकाकांना तो लिहायचा धीर झाला नव्हता. तो तिने तोंडाने म्हटला.